यकृताचा नकाशा रेखाटणारे डॉ. तोन थात तुंग

यकृताचा कर्करोग शस्त्रक्रियेने काढता येतो, ही गोष्ट आज डॉक्टर रुग्णाच्या नातेवाइकांना सहजपणे सांगतात. यकृताचा उजवा भाग काढावा, डावा काढावा की केवळ एखादा लहान खंड काढून भागेल, याची चर्चा सीटी स्कॅनच्या चित्रासमोर बसून होते. मात्र १९३५ च्या सुमारास जगातील बहुतेक शल्यविशारद यकृताला हात लावण्यास धजत नसत. या अवयवातून दर मिनिटाला सुमारे दीड लिटर रक्त वाहते. पोत स्पंजासारखा भुसभुशीत असल्याने टाका घालावा तर दोरा मांस कापत जातो. अशा काळात हनोईतील एका विद्यार्थ्याने दोनशेहून अधिक यकृते स्वतःच्या हातांनी खरवडून त्यांतील रक्तवाहिन्यांचा माग काढला आणि यकृत कोठे कापता येईल, याचे उत्तर शोधले. तो विद्यार्थी म्हणजे पुढे जगभरच्या शस्त्रक्रियागृहांत परिचित झालेले डॉ. तोन थात तुंग.

व्हिएतनाम म्हटले की आपल्याकडे हो ची मिन्ह आठवतात, अमेरिकेशी झालेले दीर्घ युद्ध आठवते. त्या देशाने वैद्यकशास्त्राला काय दिले, याचा विचार सहसा कोणी करत नाही. हनोईसह तेथील अनेक शहरांत तुंग यांच्या नावाचे रस्ते आहेत. हनोई वैद्यकीय विद्यापीठाचा पत्ताही त्यांच्याच नावाच्या रस्त्यावरचा आहे.

तुंग यांचा जन्म १० मे १९१२ रोजी थान्ह होआ येथे झाला. तोन थात हे उपनाम न्गुयेन राजघराण्याच्या शाखांमधील कुटुंबे लावत. त्यांचे बालपण ह्युए या राजधानीत गेले. राजा गादीवर असला तरी सत्ता फ्रेंचांची होती आणि राजघराण्याशी नाते असलेल्या तरुणाला दरबारी हुद्द्याची वाट मोकळी होती. तुंग यांनी ती धरली नाही. १९३१ मध्ये ते हनोईला आले आणि शालेय शिक्षण संपवून तेथील वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाले. हे महाविद्यालय फ्रेंचांनी १९०२ मध्ये सुरू केले होते आणि प्लेगच्या जंतूचा शोध लावणारे अलेक्झांद्र येर्सिन हे त्याचे पहिले प्रमुख होते. मुंबईच्या वाचकांना येर्सिन यांचे नाव परके वाटण्याचे कारण नाही. १८९७ मध्ये प्लेगने मुंबईत थैमान घातले असताना आपले प्लेगविरोधी सीरम घेऊन ते या शहरात आले होते. त्या प्रयोगाला फारसे यश आले नाही, ही गोष्ट वेगळी.

वसाहतीतल्या महाविद्यालयाचे नियमही वसाहतीचेच होते. स्थानिक विद्यार्थ्यांनी वैद्यक शिकावे, फ्रेंच डॉक्टरांच्या हाताखाली कामही करावे; परंतु रुग्णालयातील निवासी डॉक्टरची, म्हणजे शल्यचिकित्सक घडवणारी जागा त्यांच्यासाठी नव्हती. तुंग यांना हा भेद मान्य नव्हता. अखेर १९३८ मध्ये हनोईच्या रुग्णालयांसाठी निवासी डॉक्टरांची स्पर्धा परीक्षा घेणे प्रशासनाला भाग पडले आणि त्या परीक्षेत तुंग पहिले आले. इंडोचायनातील निवासी डॉक्टरांची परंपरा त्या परीक्षेपासून सुरू झाली, असे मानले जाते.

यकृताकडे त्यांचे लक्ष वेधले ते जंतांमुळे. त्या काळी उत्तर व्हिएतनाममध्ये पोटात जंत होणे ही घरोघरची गोष्ट होती. हे जंत कधी कधी आतड्यातून पित्तनलिकेत शिरत आणि थेट यकृतात जाऊन पोहोचत. ताप, कावीळ, असह्य पोटदुखी अशा अवस्थेत रुग्ण येई आणि पुष्कळदा दगावे. अशाच एका मृत रुग्णाच्या शवविच्छेदनात तुंग यांना यकृतातील पित्तनलिका जंतांनी भरून फुगलेल्या दिसल्या. एरवी मांसात दडलेल्या नलिका त्या यकृतात उठून दिसत होत्या. त्या कशा फुटतात, कोणत्या दिशेने जातात, कोठे संपतात, याचा त्यांनी माग घेतला आणि मग प्रत्येक यकृतात हीच रचना असते काय, हा प्रश्न त्यांच्या मागे लागला.

उत्तर शोधण्याची पद्धत कमालीची साधी होती आणि तितकीच कष्टाची. खरवडण्याचे एक लहानसे हत्यार घ्यायचे आणि मृत देहातून काढलेल्या यकृताचे मांस कणाकणाने दूर करायचे. वाळलेल्या घोसाळ्याचा गर झाडून टाकला की आत जाळी उरते, तशी यकृतातील मांस गेल्यावर नलिकांची जाळी उरते. ही जाळी न तुटू देता मोकळी करायची, तिचे चित्र काढायचे आणि पुढचे यकृत हाती घ्यायचे. १९३५ ते १९३९ या काळात त्यांनी अशी दोनशेहून अधिक यकृते तपासली. क्ष-किरणांनी यकृताच्या अंतरंगाचे चित्र मिळण्याचे दिवस अजून यायचे होते. जे काही कळणार होते ते बोटांना आणि डोळ्यांनाच.

त्यातून हाती आलेले चित्र समजून घेण्यासाठी जुन्या वाड्याची कल्पना करावी. बाहेरून वाडा एक दिसतो, पण आत बिऱ्हाडे स्वतंत्र असतात. प्रत्येक बिऱ्हाडाला पाण्याचा आपला नळ असतो आणि सांडपाण्याचा पाट मात्र दोन बिऱ्हाडांच्या मधून जातो. यकृताचेही तसेच आहे. आतड्यांकडून रक्त आणणारी प्रवेशिका नीला, हृदयाकडून आलेली रोहिणी आणि पित्तनलिका या तिघी एकाच आवरणातून जोडीने यकृतात शिरतात, फुटत जातात आणि प्रत्येक भागाला आपापली स्वतंत्र शाखा देतात. यकृतातून रक्त परत नेणाऱ्या नीला मात्र या भागांच्या सीमेवरून वाहतात. ही सीमा यकृताच्या पृष्ठभागावर दिसत नाही. पृष्ठभागावर जी खाच दिसते, ती यकृताचे खरे दोन भाग पाडत नाही. जेम्स कँटली या ब्रिटिश डॉक्टरांनी १८९७ मध्येच खरी विभाजक रेषा पित्ताशयापासून मागच्या महानीलेकडे जाते, असे दाखवले होते. पण ती गोष्ट शस्त्रक्रियागृहापर्यंत फारशी पोहोचली नव्हती.

एका बिऱ्हाडाचा नळ बंद केला तर शेजारच्याचे पाणी तुटत नाही. म्हणजेच यकृताचा एखादा भाग त्याच्या सीमेवरून, त्याची शाखा बांधून काढला, तर उरलेला भाग जिवंत राहील आणि रक्तस्रावही आटोक्यात राहील. तुंग यांच्या प्रबंधाचा हाच निष्कर्ष होता. यकृतातील नीलांची रचना आणि यकृतछेदनासाठी तिचा उपयोग हा त्याचा विषय. १९३९ च्या या प्रबंधाबद्दल पॅरिस विद्यापीठाने त्यांना रौप्यपदक दिले.

प्रबंधापाशी ते थांबले असते तर त्यांचे नाव शरीररचनाशास्त्राच्या ग्रंथांत एखाद्या तळटीपेपुरते उरले असते. परंतु त्याच वर्षी त्यांचे गुरू झाक मेयेर-मे यांच्यासमवेत त्यांनी कर्करोगासाठी यकृताचा डावा भाग शरीररचनेला अनुसरून काढल्याचे निवेदन पॅरिसच्या शल्यचिकित्सा अकादमीपुढे मांडले. अकादमीने त्याला दाद दिली नाही. यकृत असे नियमबद्ध रीतीने कापता येईल, यावर तेथील जाणत्यांचा विश्वास बसेना. त्यात हे काम वसाहतीतल्या एका तरुणाचे. लगेचच दुसरे महायुद्ध पेटले आणि हा विषय तेथेच थांबला. तुंग स्वतः यकृतछेदनाकडे पुन्हा जोमाने वळले ते सुमारे दोन दशकांनी.

मधला काळ देशाच्या इतिहासानेच व्यापला. १९४४ मध्ये वी न्गुयेत हो यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १९४५ च्या ऑगस्ट क्रांतीनंतर हो ची मिन्ह हनोईत आले तेव्हा त्यांच्या प्रकृतीची तपासणी करण्यास तुंग यांना बोलावण्यात आले आणि त्या भेटीतून जन्मभराचा स्नेह जुळला. डिसेंबर १९४६ मध्ये फ्रेंचांशी युद्ध भडकले. तुंग यांनी शहरातले स्थिर जीवन सोडले आणि पत्नी व तान्ह्या मुलासह उत्तरेकडील व्हिएत बाकच्या डोंगराळ जंगलाची वाट धरली. १९४७ मध्ये त्यांना आरोग्य खात्याचे उपमंत्री करण्यात आले. पद मोठे होते, पण जंगलात खात्याकडे होते काय? बांबूच्या झोपड्या, तुटपुंजी हत्यारे, औषधांचा दुष्काळ.

याच जंगलात, चिएम होआ येथे, वैद्यकीय महाविद्यालय पुन्हा सुरू झाले. त्याचे प्रमुख होते तुंग यांचे ज्येष्ठ सहकारी हो डाक दी. पुढे जपानहून परतलेले डांग व्हान न्गू तेथे दाखल झाले आणि त्यांनी जंगलातल्या प्रयोगशाळेत पेनिसिलीन तयार केले. शिकवणे आणि जखमींवर शस्त्रक्रिया करणे ही दोन्ही कामे बरोबरीने चालत. १९५४ च्या डिएन बिएन फूच्या लढाईत तुंग आघाडीवर शल्यचिकित्सक म्हणून होते. या काळातील कामाला शौर्याची झळाळी आहे हे खरे. तथापि शल्यविशारद म्हणून त्यांचे मोठेपण यकृतावरील कामात आहे आणि त्यासाठी त्यांना हनोईला परतावे लागले.

१९५४ नंतर ते हनोईच्या जुन्या फू दोआन रुग्णालयाचे, म्हणजे नंतरच्या व्हिएत डुक रुग्णालयाचे संचालक झाले. आयुष्याच्या अखेरपर्यंत हे पद त्यांच्याकडे होते. १९५८ मध्ये व्हिएतनाममधील पहिली हृदयशस्त्रक्रिया त्यांनी केली.

ते जंगलात असताना जग थांबले नव्हते. १९५२ मध्ये पॅरिसमध्ये झाँ-लुई लोर्ता-झाकोब यांनी कर्करोगासाठी यकृताचा संपूर्ण उजवा भाग काढल्याचे जाहीर केले आणि यकृतशस्त्रक्रियेचे नवे पर्व तेथून सुरू झाल्याचे पाश्चात्त्य ग्रंथ सांगू लागले. क्लोद क्विनो या फ्रेंच शल्यविशारदाने यकृताच्या आठ खंडांची मांडणी केली आणि १९५७ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. आज जगभर वापरली जाणारी एक ते आठ ही खंडांची क्रमवारी क्विनो यांची आहे, तुंग यांची नव्हे. हे श्रेय क्विनो यांना द्यायलाच हवे. परंतु यकृताच्या अंतर्गत रचनेवरून शस्त्रक्रियेची रेषा ठरवायची, हा विचार हनोईत त्याआधी दीड दशक कागदावरही उतरला होता आणि शस्त्रक्रियेच्या टेबलावरही.

लोर्ता-झाकोब यांच्या पद्धतीत यकृताबाहेरच रक्तवाहिन्या शोधून, सोडवून, बांधून घ्यायच्या आणि मग यकृत कापायचे, असा क्रम होता. ही पद्धत निश्चित होती, पण वेळखाऊ होती. काही तास चालणारी शस्त्रक्रिया, भरपूर रक्त आणि उत्तम भूल या तिन्ही गोष्टी तिला लागत. हनोईत रक्तपेढी तोकडी होती. शिवाय रक्तवाहिन्यांची बाहेरची मांडणी माणसागणिक बदलते. बाहेर चुकीची शाखा बांधली गेली, तर राखायचा भागच मरण्याचा धोका असतो.

तुंग यांनी क्रम उलटा केला. १९०८ मध्ये ग्लासगोच्या जेम्स प्रिंगल यांनी यकृताच्या देठाला चिमटा लावून रक्तपुरवठा तात्पुरता थांबवण्याची युक्ती सांगितली होती. तुंग यांनी ती घेतली. देठ आवळायचा, सीमारेषेवर यकृताचे आवरण चिरायचे आणि मग सुरी बाजूला ठेवून अंगठा व तर्जनीच्या चिमटीत यकृताचे मांस चुरडत जायचे. मांस मऊ असते, ते चुरडले जाते. रक्तवाहिन्या व पित्तनलिका चिवट असतात, त्या दोऱ्यांसारख्या बोटांना लागतात. त्या एकेक करून बांधायच्या आणि पुढे जायचे. काढायच्या भागाकडे जाणारी शाखा यकृताच्या आत, तिच्या घरातच बांधली जात असल्याने शेजारच्या भागाला इजा होण्याची भीती कमी. यकृत दुभंगण्याचे मुख्य काम काही मिनिटांत उरके. बोटांनी यकृत चुरडण्याची कल्पना तैवानचे लिन तिएन-यू यांनीही १९५८ मध्ये मांडली होती. तुंग यांच्या हाती मात्र त्या चिमटीला दोनशे यकृतांतून आलेला नकाशा होता. बोट कोठे थांबवायचे, कोणत्या खोलीवर कोणती नीला लागेल, हे त्यांना चीर देण्याआधीच ठाऊक असे.

न्गुयेन दुओंग क्वांग या सहकाऱ्यासमवेत लिहिलेला त्यांचा निबंध १९६३ मध्ये लंडनच्या लॅन्सेट या नामवंत नियतकालिकात प्रसिद्ध झाला. जेमतेम दोन पानांचा हा मजकूर. पण त्यानंतर हनोईच्या पद्धतीकडे दुर्लक्ष करणे युरोपला शक्य राहिले नाही.

आता या कथेतील अवघड भागाकडे वळायला हवे. कोणते यकृत कापता येते?

निरोगी यकृत हा शरीरातील विलक्षण अवयव आहे. त्याचा निम्म्याहून अधिक, अगदी सत्तर टक्क्यांपर्यंतचा भाग काढला तरी उरलेले यकृत काही आठवड्यांत वाढून गेलेली उणीव बहुतांशी भरून काढते. पंचवीस टक्के यकृतावरही माणूस तरून जाऊ शकतो. तुंग यांची शस्त्रक्रिया अशा यकृतासाठी वरदान होती. मात्र यकृताचा प्राथमिक कर्करोग निरोगी यकृतात होण्याचे प्रमाण कमी आहे. बहुतेक वेळा तो सिरॉसिस झालेल्या यकृतात उगवतो. ब किंवा क प्रकारची कावीळ वर्षानुवर्षे धुमसत राहिली, किंवा मद्याने यकृताची वाताहत केली, की जखमा भरताना तंतू साचत जातात आणि मऊ यकृत निबर, गाठीगाठींचे होते. हा सिरॉसिस. अशा यकृतात वाढण्याची ताकद फारशी उरलेली नसते. रक्त त्यातून सहज वाहत नाही, त्यामुळे प्रवेशिका नीलेतील दाब वाढतो, अन्ननलिकेतील शिरा फुगतात, पोटात पाणी साचते, रक्त गोठण्याची क्रिया बिघडते. गाठ एका कोपऱ्यात असली तरी सगळे यकृतच आजारी असते.

अशा रुग्णाचा उजवा भाग काढला तर शस्त्रक्रिया तांत्रिकदृष्ट्या निर्दोष होऊनही तो आठवड्याभरात वाढती कावीळ आणि बेशुद्धी यांनी दगावू शकतो. शस्त्रक्रियेच्या टेबलावर रक्तस्रावाने होणारे मृत्यू नकाशाने टाळता येतात. नंतर यकृत कामच न करण्याने येणारा मृत्यू नकाशाने टळत नाही. हातालाही फरक लागतो. निबर यकृत चिमटीत चुरडत नाही, ते बोटांना दाद देत नाही. देठ आवळून रक्त थांबवले तर निरोगी यकृत जितका वेळ सोसते तितका वेळ ते सोसत नाही.

यात एक विसंगती दडलेली आहे. युरोप-अमेरिकेत यकृतछेदनाचा मोठा वापर पुढे झाला तो मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या यकृतात पसरलेल्या गाठी काढण्यासाठी. त्या रुग्णांचे उरलेले यकृत बहुधा धडधाकट असते. ज्या देशात ही पद्धत घडली, तेथे मात्र ब काविळीचा विषाणू फार मोठ्या लोकसंख्येत पसरलेला होता आणि यकृताच्या कर्करोगाचे रुग्ण पुष्कळदा सिरॉसिस घेऊनच येत. ते येत तेव्हा गाठही मोठी झालेली असे. म्हणजे ज्यांच्यासाठी ही वाट शोधली गेली, त्यांच्यापैकी अनेकांना ती चालणे कठीण होते.

यावर उपाय निघाला तो त्याच नकाशातून. सबंध वाडा किंवा निम्मा वाडा पाडायची गरज नसेल, तर गाठ ज्या बिऱ्हाडात आहे तेवढेच काढायचे. कर्करोगाच्या पेशी प्रवेशिका नीलेच्या शाखेवाटे आधी त्याच खंडात पसरतात, म्हणून तो खंड पुरता काढणे कर्करोगाच्या दृष्टीनेही सयुक्तिक ठरते आणि बाकीचे आजारी यकृत शाबूत राहते. तुंग यांनी १९६० च्या दशकातच मोठ्या छेदनांबरोबर खंडांच्या मर्यादित छेदनावरही लिहिले. पॅरिसच्या मासों प्रकाशनाने १९७९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या ग्रंथाच्या शीर्षकातच यकृताची मोठी आणि लहान अशी दोन्ही छेदने आहेत. ग्रंथाच्या नावातल्या त्या दुसऱ्या शब्दाचे महत्त्व पुढच्या पिढीने अधिक ओळखले. सिरॉसिसच्या रुग्णांसाठी ही कल्पना पूर्णत्वास नेली ती जपानच्या मासातोशी माकुउची यांनी. १९८५ मध्ये त्यांनी शस्त्रक्रिया चालू असताना यकृतावर सोनोग्राफीचा प्रोब ठेवून एकेका खंडाच्या उपखंडाची सीमा शोधण्याची पद्धत प्रसिद्ध केली. हनोईत बोटांनी जे शोधले गेले, ते टोकियोत ध्वनिलहरींनी दिसू लागले.

तुंग यांच्या कामाची दुसरी बाजू वादग्रस्त आहे आणि ती झाकून ठेवण्याचे कारण नाही. अमेरिकी सैन्याने १९६२ ते १९७१ या काळात दक्षिण व्हिएतनामच्या जंगलांवर व शेतांवर एजंट ऑरेंजसारखी पाने गाळणारी रसायने विमानांतून फवारली. त्यांत डायॉक्सिन हे अतिविषारी द्रव्य होते. हनोईच्या रुग्णालयांत येणाऱ्या कर्करोगाच्या रुग्णांमध्ये यकृताच्या कर्करोगाचा वाटा १९६१ पर्यंतच्या काळाच्या तुलनेत त्यानंतरच्या वर्षांत बराच वाढल्याचे तुंग यांच्या पाहणीत दिसले आणि १९७० च्या दशकाच्या सुरुवातीस त्यांनी ही वाढ डायॉक्सिनशी जोडली. जन्मजात व्यंगांकडेही त्यांनी जगाचे लक्ष वेधले. युद्ध चालू असताना असे बोलणे म्हणजे प्रचाराचा आरोप ओढवून घेणे होते आणि तो त्यांच्यावर झाला.

शास्त्रीय आक्षेपही होतेच. एका शहराच्या रुग्णालयांत येणारे रुग्ण हे सबंध लोकसंख्येचे प्रतिनिधी नसतात, आणि ब काविळीचा विषाणू व धान्यावरील बुरशीचे विष ही यकृताच्या कर्करोगाची मोठी कारणे हिशेबातून वगळलेली नव्हती. बारूक ब्लुमबर्ग यांनी या विषाणूच्या शोधाची वाट १९६० च्या दशकात मोकळी केली होती. त्यांना नोबेल मिळाले १९७६ मध्ये. पुढे अमेरिकेच्या वैद्यकीय अकादमीच्या समित्यांनी एजंट ऑरेंज आणि काही कर्करोग यांच्यातील संबंध मान्य केला, पण यकृताच्या कर्करोगाबाबत पुरावा अपुरा असल्याचेच नोंदवले. डायॉक्सिन माणसाला कर्करोग करते, हे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ मध्ये जाहीर केले. तुंग यांचा यकृताबाबतचा निष्कर्ष टिकला नसला तरी प्रश्न विचारण्याचे धाडस त्यांनी वेळेवर केले, असे म्हणणे वावगे ठरणार नाही.

१९७७ मध्ये पॅरिसच्या शल्यचिकित्सा अकादमीने त्यांना लानलाँग पदक दिले. १९३९ मध्ये त्यांच्या निवेदनाकडे साशंकतेने पाहणारी ती हीच अकादमी. मायदेशात त्यांना १९६२ मध्ये श्रमवीर हा किताब मिळाला होता. त्यांच्या आठवणींचे पुस्तक इंग्रजीतूनही निघाले आहे. ७ मे १९८२ रोजी, सत्तरीला तीन दिवस उरले असताना, हनोईत त्यांचे निधन झाले. योगायोग असा, की डिएन बिएन फूचा विजयदिनही ७ मेच. १९९६ मध्ये त्यांना मरणोत्तर हो ची मिन्ह पारितोषिक देण्यात आले.

त्यांच्या पश्चात या क्षेत्रात बरेच बदल झाले. सिरॉसिसच्या रुग्णाला शस्त्रक्रिया झेपेल काय, हे ठरवताना आता कावीळ, पोटातील पाणी, रक्तातील प्रथिने, रक्त गोठण्याचा वेळ आणि शुद्धीची अवस्था यांवरून गुण दिले जातात. उरणारे यकृत मोजले जाते. निरोगी यकृतात ते पाव हिस्सा असले तरी चालते, सिरॉसिसमध्ये मात्र चाळीस टक्के तरी असावे, असा संकेत आहे. तेवढे उरणार नसेल तर काढायच्या भागाचा रक्तपुरवठा आधी बंद करून दुसऱ्या भागाला वाढायला काही आठवडे दिले जातात. एवढे करूनही सिरॉसिस असलेल्या यकृतात पाच वर्षांत कर्करोग पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण मोठे आहे, कारण ज्या जमिनीत तो उगवला ती तशीच राहिलेली असते. म्हणून मोजक्या रुग्णांत संपूर्ण यकृत बदलण्याचा पर्याय पुढे आला. एकच गाठ असेल तर ती पाच सेंटीमीटरपर्यंत, आणि दोन-तीन असतील तर प्रत्येक तीन सेंटीमीटरपर्यंत, हा प्रत्यारोपणाचा निकष इटलीतील मिलान येथे १९९६ मध्ये मांडला गेला. जमीनच बिघडू नये यासाठी नवजात बाळांना ब काविळीची लस देण्याचा कार्यक्रम तैवानने १९८४ मध्ये सुरू केला आणि पुढे व्हिएतनामनेही तो देशभर राबवला. तरीही २०२२ मध्ये जगभरात यकृताच्या कर्करोगाचे सुमारे ८ लाख ६६ हजार नवे रुग्ण आढळले.

व्हिएत बाकच्या जंगलात तान्हेपणी गेलेला तुंग यांचा मुलगा तोन थात बाख हाही शल्यविशारद झाला. हृदय आणि यकृत हीच दोन क्षेत्रे त्यानेही निवडली. वडिलांनी चालवलेल्या व्हिएत डुक रुग्णालयाचे आणि हनोई वैद्यकीय विद्यापीठाचे प्रमुखपद डॉ. बाख यांनी भूषवले. २००४ मध्ये त्यांचे निधन झाले. त्याच वर्षाच्या जानेवारीत हनोईच्या १०३ क्रमांकाच्या लष्करी रुग्णालयात एका लहान मुलीवर व्हिएतनाममधील पहिले यकृत प्रत्यारोपण झाले होते.